प्रार्थनेची मराठी आणि घरातली मराठी

मुलांना घरच्या घरी दुसरी भाषा कशी शिकवावी, या प्रश्नावर आज पालकांना सल्ल्यांची वाण नाही. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून आणि शाळांच्या पालकसभांतून एक नियम पुनःपुन्हा सांगितला जातो : एका व्यक्तीने मुलाशी एकच भाषा बोलावी. आईने एक, वडिलांनी दुसरी. सरमिसळ करू नये. नियम सुटसुटीत आहे, लक्षात ठेवायला सोपा आहे. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक तरुण जोडपी तो प्रामाणिकपणे पाळू पाहतात आणि मूल शाळेत जाऊ लागल्यावर दोन-तीन वर्षांत घरात इंग्रजीच तेवढी उरलेली पाहून गोंधळून जातात. हा नियम ज्या ग्रंथांतून आला ते ग्रंथ उघडून पाहावेत, त्यांत काय आहे आणि काय नाही याची चिकित्सा करावी आणि मग आपल्या घराकडे वळावे, एवढाच आमचा हेतू आहे.

नियमाचे जनकत्व मोरिस ग्रामाँ या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाकडे जाते. जूल रोंजा हे त्यांचे स्नेही. रोंजा फ्रेंच, त्यांची पत्नी जर्मन. १९०८ साली त्यांना लुई हा मुलगा झाला, तेव्हा ग्रामाँ यांनी त्यांना हा सल्ला दिला आणि रोंजा दांपत्याने तो निष्ठेने पाळला. वडिलांशी फ्रेंच, आईशी जर्मन. मुलाच्या उच्चारांची, शब्दांची, चुकांची रोंजा यांनी नोंद ठेवली आणि १९१३ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. मूल पाच वर्षांचे होण्याआधीच दोन्ही भाषा त्या त्या भाषेतल्या मुलांप्रमाणे बोलू लागले, असा या ग्रंथाचा निष्कर्ष. दोन भाषांनी मुलाची बुद्धी गोंधळते, असे बहुतेक शिक्षणतज्ज्ञ मानत असतानाच्या काळात हे पुस्तक आले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते.

तरीही या पुस्तकातील घर आपल्या घरासारखे नाही. फ्रेंच आणि जर्मन या दोन्ही भाषा ग्रंथांच्या, विद्यापीठांच्या, राजदरबारांच्या. कोणतीही बोलली तरी मुलाला मान खाली घालावी लागणार नव्हती. आणि येथे एक गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते. रोंजा हे दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्साल बोलींचे मोठे अभ्यासक होते; त्या बोलींच्या पुनरुज्जीवनासाठी झटणाऱ्या फेलिब्रिज या मंडळाचे ते काही वर्षे पदाधिकारी होते. मुलाविषयीचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी, १९१३ मध्ये, आधुनिक प्रोव्हान्साल बोलींच्या वाक्यरचनेवरचा त्यांचा प्रबंधही प्रसिद्ध झाला. एकाच लेखकाचे एकाच वर्षीचे दोन ग्रंथ : एक गावच्या बोलीवर, दुसरा घरातल्या मुलावर, आणि मुलावरच्या ग्रंथाचा विषय फ्रेंच व जर्मन. बोलीवर ग्रंथ लिहिणे आणि बोली मुलाच्या ओठांवर येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सामवेदी आणि वाडवळी यांच्या अभ्यासाचे आज जे स्वागत होत आहे, त्यात आम्हीही मनापासून सहभागी आहोत. परंतु रोंजा यांची ही दोन पुस्तके शेजारी शेजारी ठेवून पाहावीत, असे आम्ही सुचवू.

वेर्नर लिओपोल्ड यांचा ग्रंथ याहून मोठा आणि आमच्या मते याहून प्रामाणिक. लिओपोल्ड अमेरिकेत शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जर्मनचे अध्यापक होते. १९३० साली त्यांची कन्या हिल्डेगार्ड जन्मली. ते तिच्याशी केवळ जर्मन बोलत. आई इंग्रजी बोले. त्यांनी चार खंड लिहिले : पहिला १९३९ साली, दुसरा १९४७ साली, उरलेले दोन १९४९ साली. त्यांतले पहिले तीन मुख्यतः मुलीच्या पहिल्या दोन वर्षांना वाहिलेले आहेत. हे ऐकून वाचक हसेल. पण दोन वर्षांच्या मुलाच्या तोंडचा प्रत्येक शब्द टिपून ठेवण्यासाठी जे प्रेम लागते आणि जो चिवटपणा लागतो, तो त्या पानापानांतून जाणवतो.

लिओपोल्ड यांचा मोठेपणा असा की, नियम पाळूनही भाषा मागे कशी पडते हे त्यांनी लपवलेले नाही. मुलगी अंगणात गेली, सवंगडी भेटले आणि इंग्रजीने घर व्यापले. जर्मन बोलणारे माणूस एकटे वडील, आणि तेही दिवसभर कामावर. मुलीला जर्मन समजे, परंतु बोलण्याकडे तिचा कल कमी कमी होत गेला. १९३५ साली ती आईवडिलांबरोबर काही महिने जर्मनीत राहिली. तेथे थोड्याच आठवड्यांत तिची जर्मन ओघवती झाली आणि इंग्रजीच अडखळू लागली. नियम तोच, वडील तेच. बदलले ते एवढेच की, खेळणे, मागणे, रुसणे, भांडणे हे सारे आता जर्मनमध्ये करावे लागत होते. लिओपोल्ड यांच्या चार खंडांतील हा भाग आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भाषा कोण बोलते यापेक्षा भाषेला घरात कोणते काम दिले आहे, यावर तिचे जगणे अवलंबून असते, हे सूत्र त्यातून निघते. लिओपोल्ड यांनी ते या शब्दांत मांडलेले नाही. आम्ही त्यांच्या नोंदींतून ते काढत आहोत.

त्यांचे आणखी एक निरीक्षण आपल्या कामाचे आहे. लहान मुलांना गोष्ट नेहमी त्याच शब्दांत हवी असते. एक शब्द बदलला तरी ती अडवतात. हिल्डेगार्ड मात्र शब्दांना चिकटून राहत नसे. आशय तोच असला की तिला शब्द कोणतेही चालत. दोन भाषांमुळे वस्तू आणि तिचे नाव यांतली गाठ सैल होते, असा अर्थ लिओपोल्ड यांनी लावला आणि तो त्यांना लाभ वाटला. याकडे आम्ही पुढे पुन्हा वळणार आहोत, कारण आपल्या घरांत नेमके याच्या उलट घडत आहे.

ऑस्ट्रेलियातील जॉर्ज सॉन्डर्स यांनी १९८२ साली पालकांसाठी जे मार्गदर्शक पुस्तक लिहिले, त्याची दखल थोडक्यात घेऊ. सॉन्डर्स हे इंग्रजी भाषक. जर्मन त्यांची मातृभाषा नव्हे, शिकून मिळवलेली भाषा. तरीही आपल्या मुलांना त्यांनी ती घरी दिली. आपली इंग्रजी शाळेतली, मग आपण मुलाशी ती बोलावी की नाही, या चिंतेने ग्रासलेल्या आईला हे पुस्तक धीर देईल. मात्र सॉन्डर्स यांनी मुलांना त्या भाषेत गोष्टी वाचून दाखवल्या, त्यांच्याशी खेळ खेळले, वादही घातले. अडलेल्या शब्दासाठी कोश उघडला. पाच-पंचवीस आज्ञांवर त्यांचा संसार चालला नव्हता.

या तिन्ही ग्रंथांत एकेका घराची कथा आहे. अनेक घरांचा आढावा हवा असेल तर बेल्जियममधील आनिक दे हौवर यांचा २००७ सालचा निबंध पाहावा. डच भाषक फ्लँडर्स प्रांतातील, घरात दुसरी एखादी भाषा असलेल्या १,८९९ कुटुंबांची माहिती त्यात आहे. सुमारे चारांतल्या एका घरात मुले ती दुसरी भाषा बोलत नव्हती. ‘एक व्यक्ती, एक भाषा’ हा नियम पाळणाऱ्या घरांचे यशही जवळपास तेवढेच, चारांत तीन. जेथे आई व वडील दोघेही घरची भाषा बोलत आणि फार तर एकजण तिच्या जोडीला डच बोले, तेथे मात्र नव्वद टक्क्यांहून अधिक घरांत मुले ती बोलत होती. नियमाची जादू येथे ओसरते. घरातल्या दोन्ही मोठ्या माणसांनी भाषा सोडली नाही तर ती टिकते, असा साधा हिशेब उरतो.

आता आपल्या घरात येऊ. वर सांगितलेल्या सर्व पुस्तकांत बाहेरची भाषा एक आणि घरची दुसरी, अशी मांडणी आहे. वसईच्या कॅथलिक घरात ती जुळत नाही. आजीची भाषा सामवेदी किंवा वाडवळी. चर्चची, धर्मशिक्षणाची आणि कालपरवापर्यंत शाळेची भाषा प्रमाण मराठी. ती आपल्याला घरी आपोआप मिळाली नाही, शिकावी लागली. म्हणजे आपली खरी दुसरी भाषा मराठीच. तिसरी इंग्रजी. आणि इमारतीच्या जिन्यात, दूरदर्शनच्या पडद्यावर हिंदी. बाहेर मराठी आहे, बाजारात आहे, बसमध्ये आहे. इंग्रजी मात्र रस्त्यावरून घरात आलेली नसून शाळेच्या दप्तरातून आलेली आहे. मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांतही थोड्या फरकाने हेच चित्र दिसते. तेथे बोली आजीपाशी राहिली आणि पुष्कळ ठिकाणी चर्चही इंग्रजीत गेले.

इंग्रजीने आपल्या समाजाला जे दिले ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. वाडीत भाजी आणि फुले पिकवून पहाटेच्या गाडीने मुंबईचा बाजार गाठणाऱ्या आईबापांची मुले त्या भाषेच्या आधाराने बँकांत, रुग्णालयांत, परदेशांत गेली. मुलाला इंग्रजी यावी ही इच्छा खोट्या प्रतिष्ठेपोटीच असते, असे म्हणणाऱ्यांशी आमचा मतभेद आहे. आमची तक्रार निराळी आहे. घरात आणली गेलेली इंग्रजी बहुधा आज्ञांची असते : ये, बस, लवकर खा, हात धू, हे करू नको. तीत कोडे नसते, थट्टा नसते, आजोबांच्या विहिरीची हकिकत नसते. हात ‘वॉश कर’ आणि दूध ‘फिनिश कर’ या भाषेत मूल आज्ञा पाळायला शिकते. बोलायला शिकत नाही. आणि त्या भाषेत उत्तर देता येत नाही म्हणून आजी गप्प होते. सॉन्डर्स यांच्या कसोटीला ही इंग्रजी उतरणार नाही, आणि तिच्यासाठी जी मराठी मागे सारली गेली तिची तर वेगळीच अवस्था झाली आहे.

मराठीला घरात एक काम राहिले आहे, प्रार्थनेचे. संध्याकाळी जपमाळ मराठीत होते. मुले ती बिनचूक म्हणतात. जपमाळ संपली, क्रूसाची खूण झाली की, त्याच क्षणी घर दुसऱ्या भाषेत शिरते. मूल प्रार्थनेत रोज ‘क्षमा’ म्हणते. भावाच्या पायावर पाय पडला तर ‘सॉरी’ म्हणते. रोजची ‘भाकर’ मागते. पण प्रार्थनेतली भाकर आणि आजीने थापलेली तांदळाची भाकरी हे शब्द एकमेकांचे सोयरे आहेत, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. लिओपोल्ड यांच्या मुलीला आशय घट्ट धरून शब्द बदलता येत होते. आपल्या मुलाला शब्द घट्ट धरता येतात, आशय हातचा सुटला तरी. पाठांतराला आम्ही कमी लेखत नाही. म्हाताऱ्या माणसाची सारी स्मृती गेली तरी लहानपणी पाठ केलेली प्रार्थना ओठांवर राहते, हे पुष्कळ घरांनी पाहिले आहे. परंतु जी भाषा भांडायला, हट्ट करायला, चिडवायला, हिशेब करायला वापरली जात नाही, तिच्यात केलेली प्रार्थनाही हळूहळू नादापुरती उरते. आपल्या आजीआजोबांना हा अनुभव नवा नव्हता. त्यांनी लॅटिन मिस्सा ऐकली. वेदीसेवक मुलांनी लॅटिन प्रतिसाद अर्थ न कळता घोकले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनाविषयक संविधानातून लोकभाषांना दार उघडले, ते लोकांना समजून सहभागी होता यावे म्हणून. साठ वर्षांत आपल्या मुलांसाठी मराठीच लॅटिनच्या जागी जाऊन बसावी, हे त्या परिषदेच्या मनात खचित नव्हते.

प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या तयारीसाठी येणाऱ्या कित्येक मुलांच्या वहीत मराठी प्रार्थना रोमन लिपीत उतरवलेल्या असतात. त्यावर हसणाऱ्यांना आम्ही एक आठवण देऊ. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली साष्टीतील रायतूर येथे छापले गेले तेही रोमन लिपीतच. अंतर आहे ते दुसरीकडे. त्या काळच्या श्रोत्यांचे कान ओव्यांनी भरलेले होते. परकी होती ती फक्त अक्षरे. आजच्या वहीत अक्षरे ओळखीची आणि भाषा परकी.

स्टीफन्स यांचा विषय निघालाच आहे तर त्यांच्याकडे ग्रंथकार म्हणून नव्हे, भाषाशिक्षक म्हणून पाहू. १५७९ साली गोव्यात आलेला हा इंग्लिश जेझुइट तेथील भाषा प्रौढ वयात शिकला. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे बंद झाली होती आणि त्यांच्या जागी काही नव्हते. त्या मागणीला उत्तर म्हणून सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे पुराण रचले गेले. अशा थोर विषयाला मराठी योग्य, परंतु शुद्ध मराठी सामान्य जनांना कळत नाही, म्हणून सोपी करून आणि लोकांच्या बोलीतले शब्द मिसळून आपण लिहिले, असे ते स्वतः सांगतात. ज्यांना ‘क्रिस्तपुराणा’ची भाषा भेसळीची वाटते, त्यांनी हा खुलासा पुन्हा वाचावा. ती तडजोड नाडी ओळखणाऱ्या माणसाची आहे. त्यांच्या दुसऱ्या पुस्तकाकडे मात्र आपले लक्ष फारसे जात नाही. १६१९ साली ते निवर्तले. त्यानंतर १६२२ मध्ये त्यांचे धर्मशिक्षणाचे पुस्तक निघाले. ते कोकणीत आहे आणि संवादरूप आहे. म्हणजे सभेत बसून ऐकायचे ते मराठीत, आणि समोरासमोर विचारायचे, सांगायचे, अडायचे ते बोलीत. चारशे वर्षांपूर्वी एका परदेशी धर्मगुरूने दोन्ही भाषांना कामे वाटून दिली आणि दोन्ही कामे जिवंत होती. ‘एक व्यक्ती, एक भाषा’ या सूत्रापेक्षा ही वाटणी आपल्या घराला अधिक जवळची आहे, असे आमचे मत आहे.

याच्या उलट टोकाचे उदाहरणही गोव्याचेच. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज शिकून तीच बोलावी आणि देशी भाषा टाकून द्यावी. फर्मान निघाले, स्वयंपाकघरे कोकणीतच बोलत राहिली. सत्तेला जे साधले नाही ते आज कोणाच्याही हुकमाविना होत आहे, आणि तेही मुलांच्या हिताच्या चिंतेतून, हे या प्रश्नाचे खरे दुखणे आहे. २०२० साली महाराष्ट्राने सर्व शाळांत मराठी सक्तीची केली, २०२४ साली केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. दोन्ही गोष्टींचे आम्हांला समाधान आहे. पण सक्तीचा विषय म्हणून शिकवलेली मराठी गुणपत्रिकेत राहते, आणि अभिजात भाषा म्हणून तर लॅटिनलाही मान आहे.

बोली बोलली तर मुलाची मराठी बिघडते, ही भीती शिक्षकांनी आपल्या मनात घातली. ती आम्हांला निराधार वाटते. मराठी बिघडते ती बोलीमुळे नव्हे, घरात काहीच पुरेसे न बोलल्यामुळे. बोलीत आजीशी तासभर भांडलेले मूल मराठी पुस्तकात लवकर रमते; कारण वाक्य उभे कसे करावे, हे त्याला ठाऊक झालेले असते. तेव्हा आईवडिलांनी घरात बोली किंवा मराठी, जी सहज येते ती, सर्व कामांना वापरावी. रागवायलाही आणि नारळ मोजायलाही. इंग्रजी बोलायचीच असेल तर तिलाही पूर्ण काम द्यावे, एखादे पुस्तक सबंध वाचून दाखवावे.

मराठी वाचनाचे म्हणाल तर साहित्य हाताशी आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० साली आले. मोठ्याने वाचताना जीभ अडू नये अशी त्याची वाक्ये आहेत, आणि घरच्या वाचनासाठी हा गुण आम्ही फार मोठा मानतो. शनिवारी संध्याकाळी, जपमाळेच्या आधी नव्हे, नंतर, दुसऱ्या दिवशीच्या मिस्सेचे शुभवर्तमान घरातल्या मुलाने मराठीत मोठ्याने वाचावे. चुकले तर चुकू द्यावे. मग आजीने तीच हकिकत आपल्या बोलीत सांगावी, उधळ्या पुत्राच्या थोरल्या भावाचे काय चुकले हे मुलाने तिला विचारावे, आणि ती जे सांगेल ते त्याला पटले नाही तर त्याने वादही घालावा.